लहान मुलाला घेऊन कॅरिबियन क्रूझ: बडोद्याहून पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

दांडिया बाजारापासून वासणा रोडपर्यंत कुठल्याही मराठी घरात विचारा, कुणाचा दीर न्यू जर्सीत असतो, कुणाची बहीण टेक्सासात. हल्ली तिकडून बोलावणं येतं ते नुसतं "राहायला या" एवढंच नसतं. "मे महिन्यात या, सगळे मिळून कॅरिबियन क्रूझ करू," असं येतं. घरात दोन-तीन वर्षांचं मूल असलं की आईबापांना पुढचे प्रश्न लगेच सुचतात: इतक्या लहान मुलाला जहाजावर घेतात का, व्हिसा कुठला लागतो, ते खाणार काय, आजारी पडलं तर काय करायचं. या प्रश्नांची उत्तरं इथे दिली आहेत, आणि कामं ज्या क्रमाने करावी लागतात त्याच क्रमाने दिली आहेत.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर ठरतात. मूल बरोबर असताना बेटांची यादी बघून क्रूझ निवडू नका, मुलाचा दिवस कसा जाईल ते बघून निवडा. तीन वर्षांच्या मुलाला जमैका आणि बहामाज यांतला फरक कळत नाही. त्याला पाणी हवं, वाळू हवी, वेळेवर झोप हवी आणि ओळखीचं जेवण हवं. हे चार मिळाले तर घरातल्या मोठ्यांचीही सहल होते.

पहिलं काम: वय आणि डायपर

बहुतेक क्रूझ कंपन्या कॅरिबियन फेरीसाठी बाळ निघण्याच्या दिवशी किमान 6 महिन्यांचं पूर्ण झालेलं असावं असा नियम ठेवतात. ज्या फेरीत सलग तीन किंवा अधिक दिवस जहाज कुठेही न थांबता समुद्रात असतं, तिच्यासाठी ही अट 12 महिन्यांची आहे. त्याला वैद्यकीय कारण आहे. जहाजावर दवाखाना असतो, पण तान्ह्या बाळाच्या गंभीर दुखण्यासाठी लागणारी सोय नसते आणि किनारा लांब असतो.

पण नियमातलं वय वेगळं आणि सोयीचं वय वेगळं. खरी रेघ डायपरची आहे. जे मूल अजून डायपर वापरतं, त्याला जहाजाच्या तरणतलावात उतरू देत नाहीत. पोहण्याचा खास डायपर घातला तरी नाही. अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या जहाजांना सीडीसी या तिथल्या आरोग्य संस्थेचे स्वच्छतेचे नियम पाळावे लागतात, त्यामुळे यात कंपनीशी वाद घालून काही उपयोग होत नाही. काही मोठ्या जहाजांवर बाळांसाठी वेगळी गाळणी बसवलेला कारंज्यांचा छोटा भाग असतो, तेवढाच त्यांना मोकळा. बुकिंगच्या आधी त्या विशिष्ट जहाजावर तो आहे का, हे विचारून घ्या.

जहाजावर मुलांना खेळवण्यासाठी, सांभाळण्यासाठी क्लब असतात, त्यांचंही तसंच. रॉयल कॅरिबियन, नॉर्वेजियन आणि डिस्ने या क्रूझ कंपन्यांचे मोफत क्लब तीन वर्षांपासून सुरू होतात आणि मूल शी-शू सांगणारं असावं लागतं. कार्निव्हल दोन वर्षांपासून घेते. त्याहून लहानांसाठी डिस्नेच्या आणि रॉयल कॅरिबियनच्या कित्येक जहाजांवर पाळणाघर आहे, पण ते तासावर पैसे घेतं.

म्हणून माझं स्पष्ट मत असं: तुमचं मूल दीड-दोन वर्षांचं असेल आणि तारीख तुमच्या हातात असेल, तर एक वर्ष थांबा. बडोद्याहून फ्लोरिडा गाठायचं म्हणजे खर्चही मोठा आणि प्रवासही. इतकं करून मूल तलावाच्या काठावर उभं राहून बाकीच्यांना बघत रडणार असेल, तर जिवाला फार लागतं. थांबणं शक्यच नसेल, कारण भाऊ-वहिनींची सुट्टी ठरली आहे, तर तीन किंवा चार रात्रींची छोटी फेरी घ्या.

या मधल्या वर्षात मुलाला पाण्याची ओळख करून द्या. उन्हाळ्यात महापालिकेच्या तरणतलावावर न्या, निदान डोक्यावर पाणी आलं तर घाबरू नये इतकी सवय होऊ द्या. जहाजाचं वातावरण त्याला मानवतं का हे स्वस्तात बघायचं असेल, तर मुंबईहून गोव्याला जाणारी कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीची दोन-तीन रात्रींची फेरी आहे. बडोद्याहून मुंबई रेल्वेने एका सकाळचा प्रवास.

दुसरं काम: कागदपत्रं

इथे घाई करू नका आणि उशीरही करू नका. बाकी सगळं पैशाने सावरता येतं, कागद सावरता येत नाहीत.

मुलाचा स्वतंत्र पासपोर्ट लागतो. बडोद्यात पासपोर्ट सेवा केंद्र आहे, त्यामुळे त्यासाठी अहमदाबादला जायचं कारण नाही. अल्पवयीन मुलाच्या अर्जाला आई-वडील दोघांच्या सहीचं परिशिष्ट 'ड' जोडावं लागतं. मूल चार वर्षांखालचं असेल तर पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो घरूनच काढून न्या. मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचाच मिळतो, म्हणून आधी काढलेला असेल तर त्याची तारीख आजच बघा. प्रवास संपल्यानंतर किमान सहा महिने तो चालू असावा असं क्रूझ कंपन्या सांगतात.

आईच्या पासपोर्टवर माहेरचं नाव आणि मुलाच्या पासपोर्टवर वडिलांचं आडनाव, असं आपल्याकडे पुष्कळ घरांत असतं. त्यात चूक काही नाही, पण जन्मदाखल्याची इंग्रजी प्रत आणि लग्नाचा दाखला बरोबर ठेवा. दोघांपैकी एकच पालक जाणार असेल, किंवा मूल आजी-आजोबांबरोबर किंवा मावशीबरोबर जाणार असेल, तर न जाणाऱ्या पालकाचं नोटरी केलेलं इंग्रजी संमतीपत्र हवंच. त्यात जहाजावर उपचार करायला संमती आहे असं एक वाक्य जरूर घाला.

मग अमेरिकेचा व्हिसा. बहुतेक कॅरिबियन फेऱ्या मायामी, फोर्ट लॉडरडेल, ऑरलँडोजवळचं पोर्ट कॅनाव्हेरल, टॅम्पा किंवा टेक्सासातलं गॅल्व्हस्टन इथून सुटतात आणि तिथेच परत येतात. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांना यासाठी बी-1/बी-2, म्हणजे पर्यटन-व्यवसायाचा व्हिसा लागतो, आणि तो एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा असायला हवा. कारण जहाज परदेशी बंदराला लागून परत आलं की तुमचा अमेरिकेत दुसऱ्यांदा प्रवेश होतो. तान्ह्या बाळालाही वेगळा व्हिसा, वेगळी फी आणि डोळे उघडे असलेला दोन इंच बाय दोन इंचाचा फोटो लागतो. बाळाला पांढऱ्या चादरीवर आडवं निजवून वरून फोटो काढला की काम सोपं होतं. आपल्याकडचे अर्ज मुंबईच्या वकिलातीकडे जातात, मुलाखतीच्या तारखा कधीकधी कित्येक महिने मिळत नाहीत. म्हणून क्रम असा ठेवा: आधी पासपोर्ट, मग व्हिसा, आणि व्हिसा हातात आल्यावरच परत न मिळणारे पैसे भरा.

आता अमेरिकेतल्या नातेवाइकांबद्दल. ते प्रेमाने सांगतील, "अरे, क्रूझला पासपोर्टसुद्धा लागत नाही, जन्मदाखला दाखवला की झालं." त्यांचं खरं आहे, पण ते अमेरिकन नागरिकांसाठी, आणि एकाच बंदरातून निघून तिथेच परतणाऱ्या फेरीपुरतं. भारतीय पासपोर्टवाल्याला हे लागू नाही. एकाच टेबलावर जेवणाऱ्या दोन चुलत भावांचे नियम वेगळे असू शकतात. त्यांच्या अनुभवावर विसंबून चालू नका.

शिवाय वाटेतल्या प्रत्येक देशाचा नियम वेगळा आहे. मेक्सिको अमेरिकेचा चालू व्हिसा असला की वेगळा मागत नाही, म्हणून तिथल्या कोझुमेल बंदराची अडचण येत नाही. बाकीच्या प्रत्येक बंदरासाठी क्रूझ कंपनीला ईमेल करा: "आमच्याकडे भारतीय पासपोर्ट आणि अमेरिकेचा बी-1/बी-2 व्हिसा आहे, या फेरीतल्या कुठल्या देशाचा व्हिसा लागेल?" उत्तर लेखी घ्या, छापून बरोबर न्या. आम्ही त्या बेटावर उतरणारच नाही असं म्हणून भागत नाही. एखाद्या बंदराचा व्हिसा लागत असेल आणि तो नसेल, तर मायामीतच जहाजावर चढू देत नाहीत, आणि पैसेही परत मिळत नाहीत.

तिसरं काम: महिना ठरवणं

अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा मोसम 1 जून ते 30 नोव्हेंबर मानला जातो, जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. त्या दिवसांत भाडं उतरतं, पण वादळ आलं की जहाज मार्ग बदलतं, बंदर गाळतं, परतायला एखादा दिवस उशीर होतो. मोठ्यांचं यात काही बिघडत नाही. मुलाचं दूध, डायपर आणि पुढचं विमान मोजूनमापून ठरवलेलं असतं, म्हणून त्याच्यासाठी हे अवघड. दिवाळीची सुट्टी या मोसमाच्या शेपटाला येते, तेव्हा जोखीम कमी झालेली असते, संपलेली नसते.

डिसेंबर ते एप्रिल हवा सुंदर असते आणि भाडं चढं. नाताळच्या आठवड्यात तर विचारूच नका.

बडोद्याच्या घरांसाठी मला मे महिन्याचा पहिला पंधरवडा सगळ्यात चांगला वाटतो. गुजरातच्या शाळांना सुट्टी याच सुमारास लागते, वादळांचा मोसम सुरू झालेला नसतो, आणि अमेरिकेतल्या बहुतेक शाळा अजून चालू असल्यामुळे जहाजावर गर्दी कमी असते. ऊन असतं, पण मे महिन्यातला बडोदा सोसणाऱ्या मुलाला ते जड जात नाही.

तिथे पोचायला थोडे दिवस आधी निघा. फ्लोरिडाची वेळ उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे असते. मुलाचा दिवस-रात्र जुळायला चार-पाच दिवस जातात. आधी नातेवाइकांकडे आठवडाभर राहा, मूल रात्री झोपायला लागलं की मग जहाजावर चढा. बंदराच्या गावी मात्र आदल्या दिवशीच पोचा. त्याच दिवशीचं सकाळचं विमान धरून दुपारी जहाज पकडायचा बेत मुलाबरोबर नको.

चौथं काम: जहाज, मार्ग आणि खोली

फेऱ्या ढोबळमानाने चार प्रकारच्या. बहामाजची तीन-चार रात्रींची. पूर्वेकडची, म्हणजे सेंट थॉमस, सेंट मार्टेन, सान हुआन. पश्चिमेकडची, म्हणजे कोझुमेल, ग्रँड केमन, जमैका, रोआतान. आणि दक्षिणेकडची, म्हणजे अरुबा, क्युरासाव, बार्बाडोस. खरं तर बहामाज कॅरिबियन समुद्रात नाही, अटलांटिकमध्ये आहे, पण मुलांसाठी सगळ्यात सोपी फेरी तीच.

सोपी यासाठी, की तिथे कंपन्यांची स्वतःची बेटं आहेत: रॉयल कॅरिबियनचं कोकोके, डिस्नेचं कॅस्टअवे के, एमएससी कंपनीचं ओशन के. ही जहाजं थेट धक्क्याला लागतात, उतरून वाळूपर्यंत चालत किंवा छोट्या गाडीतून जाता येतं, जेवण तिकिटातच असतं, आणि मूल कंटाळलं की दहा-पंधरा मिनिटांत खोलीत परतता येतं. याउलट ग्रँड केमनला आणि बेलीझला जहाज लांब नांगर टाकतं आणि छोट्या होडीतून किनाऱ्यावर नेतात. हलत्या होडीत बाबागाडी, पिशवी आणि झोपलेलं मूल सांभाळणं किती अवघड ते प्रत्यक्ष केल्यावरच कळतं. मुलाबरोबर असलात तर मार्गात अशी बंदरं शक्यतो नकोत. बेलीझला तर ही होडीची वाटही बरीच लांबची आहे.

सात रात्रींच्या फेरीत चारपेक्षा जास्त बंदरं नसलेली निवडा. समुद्रातले दिवस रिकामे वाटतात, पण मुलाची झोप आणि क्लब त्याच दिवसांत नीट जमतात.

जहाज नवं आणि मोठं असलं की मुलांची सोय जास्त. जानेवारी 2024 पासून मायामीहून फिरणाऱ्या आयकॉन ऑफ द सीजवर सहा वर्षांखालच्या मुलांच्या घरांसाठी एक अख्खा भाग राखलेला आहे. पण त्या जहाजाची लांबी 365 मीटर आहे, म्हणजे मूल कडेवर घेऊन दिवसातून पाच फेऱ्या मारल्या की पाय बोलायला लागतात. खोली लिफ्टजवळची घ्या, जहाजाच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्यांवरची. तिथे डुलणं कमी जाणवतं. नाचगाण्याच्या हॉलच्या वर किंवा खाली असलेली खोली टाळा, नकाशात ते दिसतं.

बाल्कनी हवी का, यावर घरोघरी चर्चा होते. मूल दुपारी झोपल्यावर आईबापांना बसायला जागा मिळते, हा बाल्कनीचा खरा फायदा. दार आतून वरच्या कडीने बंद होतं, तरी खुर्ची आणि टेबल कठड्यापासून लांब ठेवा, मूल त्यावर चढतं. बजेट नसेल तर खिडकी नसलेली आतली खोली वाईट नाही. दिवा घालवला की गडद अंधार होतो आणि मुलं त्यात गाढ झोपतात. बाळासाठी घडीचा पाळणा फुकट मिळतो, बुकिंगच्या वेळीच मागून ठेवा.

पाचवं काम: पैशांचा हिशोब

विमानात दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर बसतं आणि तिकीट थोडंसंच लागतं. जहाजात तसं नाही. बाळ खोलीतलं एक माणूस धरलं जातं, कारण जीवनौकेतली जागा माणशी मोजतात. तिसऱ्या-चौथ्या माणसाला भाडं कमी पडतं, पण बंदराचे कर सगळ्यांना सारखे. याशिवाय रोजची टिप असते, माणशी साधारण 16 ते 20 डॉलर. काही कंपन्या दोन-तीन वर्षांखालच्यांना ती माफ करतात. भारतातल्या एजंटकडून पॅकेज घेतलं तर टीसीएस हा आगाऊ कर घेतला जातो, तो आयकर विवरणपत्रात वळता करून घ्या.

प्रवासाचा विमा घेताना 'क्रूझ धरलेली आहे' हे शब्द पॉलिसीत शोधा. घरची मेडिक्लेम तिथे चालत नाही. जहाजावरच्या डॉक्टरचं बिल डॉलरमध्ये येतं, तुमच्या खोलीच्या खात्यावर चढतं आणि उतरण्याआधी भरावं लागतं. गंभीर प्रसंगी हेलिकॉप्टरने किनाऱ्यावर न्यावं लागलं तर तो खर्च विम्याशिवाय कुणालाही झेपणारा नाही.

सहावं काम: मुलाचं खाणं

आज्यांचा पहिला प्रश्न हाच, आणि तो रास्त आहे.

घरातून तांदूळ नेऊ नका. साठवलेल्या धान्याला लागणाऱ्या खापरा किड्याच्या भीतीने अमेरिकेने भारतासारख्या देशांतून प्रवाशांच्या सामानातून तांदूळ, हरभरे, सोयाबीन आणि करडईचं बी आणायला 2021 पासून मनाई केली आहे. बाकी जे खाण्याचं न्याल ते कस्टम्सच्या अधिकाऱ्याला सांगा. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेली सापडली तर दंड होतो. जे हवं ते न्यू जर्सीतल्या किंवा टेक्सासातल्या भारतीय दुकानात मिळतं, तिथूनच घ्या.

जहाजावर घरी शिजवलेलं अन्न नेऊ देत नाहीत. कारखान्यात बंद केलेली पाकिटं चालतात. इलेक्ट्रिक किटली, छोटा कुकर, इस्त्री हे आगीच्या भीतीने जप्त होतं, ते नेऊच नका. मग करायचं काय? गरम पाणी बुफेजवळ बहुतेक वेळ मिळतं. झाकणाचा स्टीलचा डबा आणि चमचा बरोबर ठेवा. नुसतं गरम पाणी घालून होणारा उपमा, पोहे, नाचणीचं किंवा तांदळाचं बाळांचं पाकीट, यावर मूल व्यवस्थित राहतं. बाळ पावडरचं दूध पीत असेल तर सगळ्या दिवसांचं आणि वर दोन दिवसांचं घेऊन चढा, जहाजावरच्या दुकानात त्याची खात्री नाही.

पण पाकिटांवरच विसंबायची गरज नाही. पहिल्याच संध्याकाळी मोठ्या भोजनगृहात जा आणि मुख्य वेटरला भेटा. या जहाजांवर गोव्याची, मुंबईची, मंगळूरची माणसं पुष्कळ काम करतात. मुलासाठी साधं वरण, मऊ भात, कमी तिखटाची भाजी हवी असं नम्रपणे सांगितलं की दुसऱ्या दिवसापासून ते जमवून देतात. एक दिवस आधी सांगायचं एवढंच पथ्य. वरणभात समोर आल्यावर मुलाचा चेहरा कसा फुलतो ते बघा. दही, केळं, ब्रेड, उकडलेला बटाटा बुफेत असतोच. शाकाहारी घरांनी भात कशात शिजवला आहे हे रोज विचारावं, सूप आणि भातात मांसाचं पाणी घालण्याची पद्धत तिकडे आहे.

जेवणाच्या दोन पाळ्या असतात. पहिली, साडेपाच-सहाची घ्या. आपल्याला ती वेळ विचित्र वाटते, पण दुसऱ्या पाळीला गोड येईपर्यंत मूल टेबलावर डोकं टेकून झोपलेलं असतं.

सातवं काम: औषधं आणि बॅग

निघण्याआधी मुलाच्या डॉक्टरांना भेटा आणि वजनाप्रमाणे तापाचं, उलटीचं, जुलाबाचं औषध लिहून घ्या. ओआरएसची पाकिटं जास्त ठेवा. प्रवासात मळमळू नये म्हणून आपल्याकडे घरोघरी एव्होमिन असते. तिच्यात प्रोमेथाझिन असतं आणि ते दोन वर्षांखालच्या मुलांना देऊ नये. इतक्या लहान मुलांना समुद्र लागतोही क्वचितच. मोठ्या मुलाला काय द्यायचं ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

जहाजावर पोटाचा जो संसर्ग पसरतो तो बहुधा नोरोव्हायरसचा. बाटलीतलं सॅनिटायझर त्यावर फारसं चालत नाही, साबण आणि पाणीच लागतं. प्रत्येक खाण्याआधी मुलाचे हात नळाखाली धुवा. दिवसभर हीच एक शिस्त पाळली तरी पुष्कळ झालं.

उन्हासाठी झिंक ऑक्साइडचं क्रीम घ्या. सेंट थॉमस ज्या अमेरिकन व्हर्जिन बेटांत आहे, तिथे प्रवाळाला घातक अशी ऑक्सिबेंझोन वगैरे असलेली क्रीमं 2020 पासून बंद आहेत. सहा महिन्यांखालच्या बाळाला क्रीम लावत नाहीत, त्याला सावलीतच ठेवायचं. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा क्रीमपेक्षाही बरा. डासांचं औषध न्या, या बेटांवर डेंग्यू आहे.

कपड्यांत एक गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. लष्करी हिरव्या-तपकिरी ठिपक्यांची चड्डी किंवा टोपी नेऊ नका. जमैका, बार्बाडोस, सेंट लुसिया अशा बेटांवर नागरिकांनी ती घालणं कायद्याने मना आहे, मुलांनाही.

डायपर घरच्या हिशोबापेक्षा जास्त. बहुतेक खोल्यांत टब नसतो, नुसता फवारा असतो. फवाऱ्याला घाबरणाऱ्या मुलासाठी प्लास्टिकचा मग आणि घडीची छोटी बादली न्या, आपल्या पद्धतीची अंघोळ झाली की मूल शांत होतं. खोलीच्या भिंती पोलादी असतात, त्यावर चुंबकाचे हुक छान बसतात आणि ओले कपडे लटकवता येतात.

चढण्याचा दिवस

ऑनलाइन चेक-इन करून बंदरावर यायची लवकरातली वेळ निवडा. मोठ्या बॅगा हमालांकडे दिल्या की त्या संध्याकाळपर्यंत खोलीत येतात, म्हणून हातातल्या पिशवीत पासपोर्ट, औषधं, डायपर, एक कपड्यांचा जोड आणि पोहण्याचे कपडे ठेवा. पासपोर्ट मोठ्या बॅगेत गेला तर सगळंच अडतं. आत गेल्यावर आधी जेवण, मग तलाव. त्या वेळी दोन्हीकडे गर्दी कमी असते. त्याच दुपारी मुलांच्या क्लबात जाऊन नाव नोंदवा आणि मुलाला ताईंची ओळख करून द्या. क्लबात इंग्रजीच बोलतात, तेव्हा "पाणी हवं", "शू लागली", "आई हवी" एवढं तरी इंग्रजीत सांगायला घरून शिकवून न्या.

सुटण्याआधी सुरक्षा कवायत असते, तिला मस्टर ड्रिल म्हणतात. ती टाळता येत नाही आणि टाळूही नये. 2012 साली कोस्टा कॉन्कॉर्डिया इटलीजवळ खडकावर आदळली, तेव्हा काही प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच ती घेण्याचा आंतरराष्ट्रीय नियम झाला. मुलाच्या मनगटावर तुमच्या जमण्याच्या जागेचा पट्टा बांधतात. मुलाच्या मापाचं लाईफ जॅकेट खोलीत आहे का ते त्याच दिवशी बघा, नसेल तर लगेच मागा.

फोन एअरप्लेन मोडवर टाका. जहाजाचं मोबाइल जाळं आपोआप पकडलं तर बिल भयंकर येतं.

जहाजावर आणि बेटांवर

तलावावर सकाळी आठ-नऊला जा. दहानंतर गर्दी होते. कित्येक जहाजांवर तलावापाशी जीवरक्षक नसतो, असला तरी मुलापासून हातभर अंतरावर तुम्हीच राहा. आजी-आजोबा, मावशी, काका असे दहा जण काठावर असले की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. म्हणून एका वेळी एका माणसाचं नाव घेऊन सांगा: "आत्ता बाळूकडे तू बघ." दुपारी जेवण, झोप, मग क्लब. बंदराच्या दिवशी सगळे उतरतात तेव्हा जहाजावरचा तलाव मोकळा पडतो. लहान मुलाच्या घरांनी एखादं बंदर मुद्दाम सोडून तो दिवस घ्यावा असं मी सांगेन.

बेटावर उतरलात तर तीन तासांच्या आत परत. टॅक्सीत मुलाची खुर्ची बहुधा नसते, म्हणून धक्क्याजवळचा किनारा बरा. जमैकातला डन्स रिव्हर धबधबा चढायला निसरडा आहे, ग्रँड केमनची स्टिंगरे नावाच्या चपट्या माशांची वाळूपट्टी मोठ्यांना कमरेएवढी म्हणजे मुलाच्या डोक्यावरून. ही दोन्ही चार-पाच वर्षांखाली नकोत. सेंट मार्टेनच्या माहो किनाऱ्यावर विमानं डोक्यावरून जातात, मुलांना ते फार आवडतं, पण धावपट्टीच्या कुंपणाजवळ उभं राहू नका, इंजिनाच्या झोताने माणसं फेकली जातात.

किनाऱ्यावर एक झाड ओळखून ठेवा: मँचिनील. त्याची फळं छोट्या हिरव्या सफरचंदासारखी, गोड वासाची आणि विषारी असतात, चिकाने कातडीवर फोड येतात. पावसात त्याच्या खाली उभं राहिलं तरी अंग भाजतं. काही बेटांवर खोडाला लाल पट्टा किंवा पाटी असते. वाळूत पडलेलं कुठलंही फळ मुलाने उचलायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा.

दक्षिणेच्या फेरीत बार्बाडोसचं ब्रिजटाऊन असेल तर मोठ्या मुलाला केन्सिंग्टन ओव्हल दाखवा. 29 जून 2024 ला इथेच आपण टी-20 विश्वचषक जिंकला, आणि शेवटच्या षटकात 16 धावा वाचवायचं काम आपल्या बडोद्याच्या हार्दिक पंड्याने केलं. आपल्या मुलांसाठी ते मैदान समुद्राइतकंच बघण्यासारखं आहे.

परत यायची वेळ जहाजाच्या घड्याळाप्रमाणे असते, फोनच्या नाही. बेटावर उतरताना दोन्ही जुळतात का ते बघा. जहाज थांबत नाही.

उतरताना

शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात, सकाळी त्या बंदरावर मिळतात. मुलाचे सकाळचे कपडे, दूध आणि डायपर त्यांत जाऊ देऊ नका. परतीचं विमान दुपारी बारानंतरचंच घ्या, इमिग्रेशनला रांग लागते. बिल आदल्या रात्रीच तपासा. बुफेतलं केळं किंवा सफरचंद मुलाच्या पिशवीत राहिलं नाही ना, ते उतरण्याआधी बघून घ्या. जहाजावरची फळं बाहेर नेता येत नाहीत, आणि बंदरावर सामान हुंगणारी कुत्री असतात.